वे-बिल

उचगावकर मामांची जीभ पहिल्या दिवशी
चार मिलिमीटर वर होती.
दुसऱ्या दिवशी दोन, डावीकडे.
तिसऱ्या दिवशी फोटो काढेपर्यंत जागेवर
आणि मशीन फिरायला लागल्यावर निघालीच.

मुखवटा पाच ठिकाणी टेबलाला अडकवलेला असतो.
जाळीचे चौकोन कपाळावर उमटतात,
संकेश्वरपर्यंत तरी पुसत नाहीत म्हणे.
दातांत ठोकळा, जीभ खाली दाबायला.
हाडं ऐकतात. हाडांबद्दल माझी कधी तक्रार नसते.
जिभेला हाड नसतं म्हणतात,
ते आमच्या तळघरात शब्दशः खरं आहे.

मी माइकवरून म्हणते, मामा, गिळू नका.
सुटल्यावर ते ओठ पुसत म्हणतात,
"गिळणं माझ्या हातात हाय काय ओ बाई?"

एकतीस वर्षं निपाणी–बेळगाव गाडीवर कंडक्टर.
खिशात तिकिटांइतकाच चुना.
त्याचा हिशेब आता डाव्या कडेला, दाढेशेजारी,
सुपारीएवढा.

शिवलीला मॅडम पडद्यावर गाठीभोवती लाल रेघ ओढतात,
मग तिच्या बाहेरून निळी.
दोन रेघांच्या मधे पाच मिलिमीटर :
हलण्यासाठी सोडलेली जागा.
तिथं रोग नाही.
तिथं चिंच कळते, भाकरीचा करपलेला काठ कळतो,
तिथं थोडासा ळ राहतो.
किरण मात्र तिथंही जाणार,
कारण गाठ उद्या नक्की कुठं असेल
ते आज कुणीच सांगू शकत नाही.
मी अशाच एका पट्ट्यातल्या गावची.
काही बोलले नाही. प्लॅन सेव्ह केला.

सहाव्या दिवशी मामांनीच सांगितलं.
"आत पडलं की गाडी सुटते माझी.
स्तवनिधीचा घाट, कणगला, संकेश्वर,
हत्तरगी, यमकनमर्डी, वंटमुरी, काकती.
आवाज नाही करत ओ. नुसतं मनात."

मनात नाही, मामा.
कणगल्याच्या ण ला ती टाळूला जाते,
यमकनमर्डीला तर थाऱ्यावरच नसते.
पडद्यावर आम्ही दोघींनी पाहिलं,
एक माणूस तोंड न उघडता सगळा रस्ता बोलत होता.

मग शोधायला बसलो :
कोणता शब्द संपला की जीभ खाली पडून राहते?
'आई' म्हणून बघितलं, ई ला वर गेली.
'देवा' चाललं असतं, पण मामा म्हणाले,
त्याला कशाला एवढ्यासाठी.
मग स्वतःच, सवयीनं, हात वर करून :
"थांबा."
तिथंच. शेवटच्या बा वर
जीभ गुंडाळी उलगडल्यासारखी तळाला.
मॅडमना हसू आलं.
आमच्याकडं बा म्हणजे ये की हो, त्या म्हणाल्या.
मामांना ते नवीन नव्हतं. दारात उभं राहून
अर्धी गाडी त्यांनी 'ओळग बा, ओळग बा' करतच भरली होती.

अकराव्या दिवशी हालचाल एक मिलिमीटर.
पुन्हा स्कॅन, पुन्हा रेघा, पाचाचे तीन झाले.
दोन मिलिमीटर परत केले.
त्याची पावती कुणी देत नाही, कुणी मागत नाही.

विसाव्यानंतर तोंड सोलून निघालं.
पाणीसुद्धा मिरचीसारखं. बोलणं बंद.
जुन्या कोऱ्या वे-बिलांचा गठ्ठा घरात होता,
त्याच्या पाठीवर पेन्सिलनं लिहून दाखवायचे :
लाळ नाही. झोप नाही. आज सून आली आहे, बाहेर बसली आहे.

चोविसाव्या दिवशी मधेच जीभ उसळली.
मी बटण सोडलं, आत गेले, मुखवटा काढला.
त्यांनी आधी कागद मागितला.

'हत्तरगीला एक म्हातारी उतरायची राहिली.
काकती आल्यावर ध्यानात आलं.
तिला सोडून यायला मागं गेलो होतो.
म्हणून हललं. चूक माझी.'

खुर्चीत दहा मिनिटं बसवलं, पुन्हा झोपवलं, पुन्हा फोटो.
मग नोंदवही.
सरक : दोन मिलिमीटर, वर.
वेळ : अकरा सतरा.
कारणाच्या रकान्यात बहुतेक जण 'गिळणे' लिहितात.
मी हत्तरगी लिहिलं.