तिसरा रकाना

दाभोळच्या धक्क्यावर, तिकीटखिडकीच्या आत,
दोन फेऱ्यांच्या मध्ये मला पंचेचाळीस मिनिटं मिळतात.
तेवढ्यात सहा शब्द होतात.
स्कूटरवाल्यांनी सुटे दिले तर आठ.

पुस्तक लव्हिना धाकूचं.
मॉरिशसहून आली होती, गाव शोधत.
धाकू हे तिच्या खापरपणज्याचं नाव;
कुणा कारकुनानं ते आडनावाच्या जागी घातलं
आणि पाच पिढ्या त्या एका माणसाच्या नावावर जगल्या.
गावाचं नाव कागदावर नव्हतं. घरात एवढंच सांगत आलेले:
तिथं खाडी आहे, आणि तरीवरून जावं लागतं.
मी म्हटलं, बाई, असली गावं
इथून तेरेखोलपर्यंत मोजत जा.
मराठीत म्हटलं. तिला कळलं नाही. हसली.

त्या दिवशी इंजिन बसलेलं. हुसेन परकार पान्हा घेऊन
खाली उतरला तो दुपार कलल्यावर वर आला.
तोवर तिनं मला पहिली पायरी शिकवली.
डावीकडे इंग्रजी, उजवीकडे फ्रेंच,
पानांच्या कडा सहा रंगांच्या, ए-वनपासून सी-टूपर्यंत.
पिवळ्यात मासा, मीठ, हात.
जांभळ्यातलं तिलाही धड येत नव्हतं.

शेवटचं अक्षर खायचं, तिनं खुणेनं सांगितलं,
आणि हे असं, नाकातून.

नाकातून!
पुण्यात दोन वर्षं छापखान्यात होतो,
मी तोंड उघडलं की खिळे जुळवणारे हसायचे,
आलं कोकणातलं गेंगाणं.
इथं ब्रेडला पँ, हाताला मँ, माशाला प्वासों,
पहिल्या फटक्यात. तिनं टाळी वाजवली.
पस्तीस वर्षांनी नाकाचं नाव निघालं.

मग समुद्र. सी, मेर.
मी थांबलो. मेर आमच्या शेताला आहे,
दळव्यांच्या आणि आमच्या मधली, वीतभर रुंद,
जिच्यापायी बापसानं दापोलीच्या कोर्टात एकोणीस वर्षं घातली.
पान उलटलं तर आई. तीही मेर,
फक्त डोक्यावर एक तिरकी रेघ.

तिसरा रकाना पुस्तकात नव्हता. पेन्सिलीनं मी आखला.
फिशपुढे बांगडा लिहिला, मुडदुशी लिहिली, पेडवा,
मग मांदेली, मग काळुंदर,
समास संपला तेव्हा मोरी बाहेरच राहिली.

इंग्रजीत कलेक्टरला यू, कुत्र्यालाही यू.
फ्रेंचात दोन, त्यु आणि वू.
म्हणजे तू आणि तुम्ही. बरं वाटलं,
परक्या गावात आपल्या चालीची चूल दिसावी तसं.
जाताना ती मला कुठलं म्हणाली,
ऐकू आलं नाही. इंजिन सुरू झालं होतं.

फेरी, बाक.
हे तिला सांगायचंच राहिलं.
ती बसली होती ते लाकडी, एक पाय विटेवर टेकलेलं,
त्याला आम्ही बाकच म्हणतो.
पुस्तक त्याच्यावर राहिलं. की ठेवलं.

दोन वर्षांत हिरव्यापर्यंत आलोय, बी-वन.
मुलगी म्हणते, फोनला विचारा ना, बाबा.
धक्क्यावर रेंज नसते.

काल उगाच जांभळं उघडलं, अगदी शेवटाकडे.
नन्‌दलेस. आधी वाटलं, जिला नणंद नाही ती.
समोरचा फ्रेंच शब्द नाकात दोनदा अडकतो.
शाळेतला जुना कोश काढला, वाळवीनं अर्धा नेलेला.
अर्थ शिल्लक होता: तरीही.
रकान्यात 'तरी' लिहिलं
आणि धोपाव्याकडून भोंगा झाला.

बोट येत होती. वर एक टेम्पो, बर्फाचा,
गळत गळत, आणि कठड्याला धरून दोघं उभे.
उरलेलं एक अक्षर
पेन्सिलीसकट कानावर ठेवलं, खिडकी वर केली.
सुटे काढून ठेवा.