पाटी

मुवैलेच्या वाळूत दुपारी साडेबाराला
पिवळ्या गाड्या रांगेनं उभ्या असतात.
भारतीय शाळेच्या, पाकिस्तानी, ब्रिटिश,
रंग सगळ्यांचा एक, फी वेगवेगळी.
शाळा सुटायला अजून तास.
घाफच्या झाडाची सावली कसली, नुसती जाळी,
तिच्यात आम्ही चौघं, कागदी कपातून करक चहा.
बाबिकर गाडी चालवतो. आम्ही तिघी मुलं मोजतो.
चढताना मोजायची, उतरताना मोजायची,
मग रिकाम्या गाडीत शेवटच्या सीटपर्यंत जाऊन
वाकून बघायचं.
पगार त्या वाकण्याचा.

त्या दिवशी माझी चतुर्थी. डब्यात साबुदाण्याची खिचडी,
बटाट्याचा कीस, वर दाण्याचा लाडू.
त्सेहाय म्हणाली, आज उपास ना तुझा?
तिच्या वर्षाचे निम्म्याहून जास्त दिवस उपासाचे,
दूध नाही, अंडं नाही, दुपारपर्यंत पाणीही नाही.
म्हटलं, आमच्यात म्हण आहे,
एकादशी नि दुप्पट खाशी.
माझ्या मोडक्या हिंदीतून यांच्या मोडक्या अरबीत जाईपर्यंत
तिचं काय उरलं असेल कोण जाणे,
पण बाबिकर चहा सांडेपर्यंत हसला.
मग डोळे पुसत विचारलं, एकूण देव किती तुमचे?

मी हजेरी घ्यावी तशी सुरू झाले.
वेतोबा, सातेरी, रवळनाथ,
वडाखालचा गांगो...
सगळे एकाच शाळेत?
म्हटलं, हो. पण हेडमास्तर कोण, यावर अजून भांडण आहे.

त्यावर तो हसला नाही.
म्हणाला, आमचा एकच. पण त्याच्यासाठी पहाटे तीनला उठवायचे.
जाळ करून, जाळाभोवती बसून, लाकडी फळीवर
काजळीच्या शाईनं आयत लिहायची,
पाठ झाली की फळी धुवायची,
आणि ते काळं पाणी प्यायचं.
प्यायचं? मारिविक दचकली.
तिच्या शाळेत सिस्टर होत्या, आणि घरची बोली
तोंडातून निघाली की दंड, शब्दाला एक पेसो.
आई गं म्हटलं तरी?
आई गं म्हटलं तरी.

मला आमची पाटी आठवली.
थुंकी लावून पुसली तर विद्या जाते म्हणायचे बाई,
आणि हा माणूस ती पिऊन आलाय.

त्सेहाय काही न बोलता गुणगुणायला लागली,
ह हु हि हा, ल लु लि ला,
झाडाखाली पाद्रीबाबानं घोकून घेतलेली.
अगं, ही तर बाराखडी!
मी पुढे क का कि की जोडलं,
दोघी डोलत होतो, समोरचा पठाण ड्रायव्हर
काच खाली करून बघत राहिला.

मग मी काडी घेतली आणि वाळूत
एक काढला, एकाला एक, त्याला उलटा एक,
दसऱ्याला पाटीवर काढायचो तशी सरस्वती.
मारिविकला ती कुंपण वाटली, त्सेहायला कंगवा.
बाबिकर बराच वेळ बघत होता.
या आकड्यांना तू देव म्हणतेस?
विचारताना आवाजात काटा होता, खोटं कशाला सांगू.
माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हटलं,
पूजा झाली की आम्हीही पुसतोच.
तो गप्प राहिला.
पण चप्पल तिच्या कडेवर होती, ती
हळूच मागे घेतली.

कुणीतरी पोरांचं विचारलं. विचारायला नको होतं.
माझी आचऱ्याला, बहिणीकडे. तिच्या शाळेत अकरा मुलं उरलीत,
वीस नसली तर बंद करतात म्हणे.
मारिविकचे दोघे इलोइलोला, एकाची फी थकलेली.
त्सेहाय कप चुरगळत राहिली.
या एवढ्या गाड्यांत
आमच्यातल्या कुणाचं एकही पोर बसत नाही.

घंटा झाली. तीनशे बूट वाळूवरून गेले,
सरस्वती, कुंपण, कंगवा, सगळं
एका मिनिटात.

संध्याकाळी रिकाम्या गाडीतून मागे जाताना
ओठांत काहीतरी चालू होतं.
पाढे असतील म्हटलं, तर
ह हु हि हा.
शेवटची सीट. कुणी नाही.
एक बाटली, नाव पुसलेली.
मी तरी परत वाकले.