भरतीला नव्वद सेकंद

रविवारी सकाळी सातला खेळ शाळांकडे जायचा आहे.
आज शुक्रवार. सलमाबादला, टायरच्या दुकानावरती,
आम्ही चौघं, दोन गाद्या, एक थर्मास
आणि एसीखाली बादली.
बहरीनच्या दमट हवेतून पाणी गाळणारं
हे एवढं एकच यंत्र
आमच्याकडे बिनचूक चालतं.
दर तीन तासांनी कुणीतरी उठतं, ओतून येतं.

मारिसेलनं झाड काढलं ते तिच्या गावचं :
कमानदार मुळं, चिखलात पाय रोवलेली.
मी म्हटलं, हे कांदळ झालं. इथलं असं नसतं.
इथे मुळं खालून वर येतात श्वासाला,
कुणी चिखलात पेन्सिली खोचून ठेवल्यासारखी.
तुला गं कसं माहीत, फौजिया म्हणाली.
खाडी तिची, झाड तिचं.
काय सांगणार, जैतापूरच्या खाडीत
त्याच पेन्सिलींवर पडले होते अनवाणी,
टाचेत एक टोक अजून असावं.
ती म्हणते कुर्म, मी म्हणते तिवर.
फाईलचं नाव
झाड_शेवटचं_खरंच_शेवटचं_४.

भराव टाकला की पन्नास गुण वजा.
तरी चाचणीला आलेली सगळी पोरं
हटकून भरावच टाकत होती,
कारण बिनोयनं डंपरचा आवाज
फार म्हणजे फारच छान केलाय.
रात्री एकला तो आवाज वाईट करत बसला.
जमेना बिचाऱ्याला.

फौजियाच्या आजोबांचे भाऊ, हाजी मक्की,
चाळीस मिनिटं बोललेत आमच्यासाठी.
समुद्राच्या तळाशी गोड झरे असायचे,
माणूस चामड्याची पिशवी घेऊन बुडी मारायचा
आणि खाऱ्या पाण्यातून गोडं पाणी वर आणायचा.
आमच्याकडे जागा अकरा सेकंदांची.
'आता?' असं फौजिया विचारते,
त्यानंतर टेपवर नुसता पंखा ऐकू येतो.
तो कापायचा की ठेवायचा
यावर शनिवारची अख्खी दुपार गेली.
ठेवला.
एक समुद्रगाय गेली त्यापायी, दोघांना जागा नव्हती.

शनिवारी रात्री फौजियाचा भाचा आला, हमूद, सात वर्षांचा.
ना झाडं लावली, ना प्लास्टिक वेचलं, ना डंपर.
जाऊन खेकड्याच्या बिळापाशी उभा राहिला.
तो खेकडा मी पहाटे कधीतरी केलेला, उगाच,
चिखल फार रिकामा दिसतो म्हणून.
त्याला काही काम नाही, गुण नाहीत,
नुसता डोळे वर-खाली करतो.
तीस सेकंद झाले. पडद्यावर आलं :
खेळाडू निष्क्रिय. खेळ समाप्त.
पोरगा परत आत गेला, परत बिळापाशी.
परत समाप्त.
पाचव्या वेळी मी विचारलं, अरे, करतोयस काय?
मान न वळवता म्हणाला,
पाणी कधी येतं ते बघतोय.

आमच्या जगात भरतीला नव्वद सेकंद लागतात.
मीच लिहिलंय.
आणि तीस सेकंदांनी हाकलायचं, तेही मीच.
तीन आठवडे या दोन ओळी
एकाच पानावर शेजारी शेजारी होत्या.

पहाटे चारला ती दुसरी ओळ पुसली.
मग तिसऱ्या पातळीला शेवटच उरला नाही.
यादीत स्पष्ट लिहिलंय : प्रत्येक पातळीला शेवट हवा.
मारिसेल म्हणाली, आता काही हलवू नका, हात जोडते.
बिनोय झोपेतच म्हणाला, ठेवा.
फौजियानं दोष-नोंदीत लिहिलं,
'माहीत आहे', आणि खाली चौघांची नावं.

साडेसहा. चढतोय खेळ, त्र्याण्णव टक्क्यांवर अडकून.
वाट बघता बघता कुणीतरी तो लावला.
चिखल. पेन्सिली. खेकडा.
पंचावन्न, छप्पन्न.
मागे बादली भरून फरशीवर वाहायला लागली होती,
ऐकू येत होतं सगळ्यांना.
बघू रे, म्हणाली मारिसेल,
आणि कुणी उठलं नाही.