निव्वळ वजन

बावीस वर्षं मी पिसुर्ल्याच्या खाणीवर काट्याला होतो.
भरलेला ट्रक उणे रिकामा ट्रक,
उरतं ते निव्वळ.
तांबड्या धुळीत पावत्या फाडल्या,
डोंगर मोजून मोजून बार्जीत चढवला.
खाण बंद पडली तेव्हा काटा शून्यावर होता.
फडक्याने पुसला आणि घरी आलो.

आता हा संगणक, काड्यापेटीहून थोडा मोठा.
त्यात नखाएवढं कार्ड,
कार्डात अकरा हजार तीनशे सहा पुस्तकं.
वाळपईच्या सोनाराकडे नेलं.
पाव ग्रॅम, म्हणाला.
मग कोरं कार्ड ठेवलं.
तेही पाव ग्रॅम.
निव्वळ काढायची माझी सवय
तिथे पहिल्यांदा अडली.

आमच्या रिव्यात नेटवर्क पोचत नाही, मधे वाघेरी उभी.
म्हणून रात्री वाळपईला भाचीकडे मुक्काम,
तिच्या नेटवर एकेक पुस्तक उतरवायचं,
भट्टीवर हुर्राक उतरते तसं, थेंब थेंब, जागत.
प्रज्वला विचारते, मामा, हे कायद्यात बसतं ना?
बसतं.
लिहिणारा वारला की साठ वर्षं थांबायचं,
मग एक जानेवारीला पुस्तक गावकारीचं,
जसा चरायचा माळ.
कुंपण घालायचं नाही, गुरं सगळ्यांची.
लोक श्राद्धाच्या तिथ्या लिहून ठेवतात.
माझ्या वहीत सुटकेच्या.

एका जुन्या पाककृतींच्या पुस्तकात, पान त्रेसष्ट,
कोपऱ्यात अंगठा आलाय, पान धरणारीचा,
नखावरची मेंदी उतरत चाललेली.
कुठल्या शहरात, कुठल्या यंत्रापुढे वाकलेली,
दिवसाला किती पानं, किती पगार.
मी तो कापला नाही.
त्याच्याखाली ओळ अर्धी राहिलीय:
मीठ चवीपुरतं आणि

पत्र्याच्या डब्यात ठेवून पाहिलं तर शब्द बाहेर येईनात.
"पत्र्यांत भूतूय अडकता," बाबुसो माजिक म्हणाला,
आणि बांबूची परडी विणून दिली.
ती बसशेडच्या वाशाला टांगली, छपरावर सोलरची पाटी.
तीस पावलांत वाचता येतं.
एकतिसाव्यावर पान अर्ध्यात थांबतं,
तिथे पोरांनी चुन्याची रेघ ओढलीय.
साडेसहाची बस चुकून वेळेवर आली
तर शेवंती आता कंडक्टरला म्हणते,
रे थांब, दोन पानं.

बाबांचं नाटक मात्र त्यात नाही.
देवळाच्या उत्सवासाठी लिहिलेलं, तीन अंकी,
रेशनच्या पिवळ्या कागदांवर,
खलनायकाचं नाव तीनदा खोडलेलं.
सगळं मीच टाइप केलं,
ळ च्या जागी पडलेले ल एकेक करून उचलले.
बाबा गेले चौऱ्याहत्तर साली.
वहीप्रमाणे सुटका एक जानेवारी दोन हजार पस्तीस.
तोवर हक्क दोघांचा, माझा आणि थोरल्याचा.
थोरला फोंड्याला.
काजूच्या भाटावरून बोलणं बंद,
एकोणीस पावसाळे.
एका सहीचं काम.
वाळपईहून फोंड्याला बस मिळते.
मी वाळपईहून परत फिरतो.

तरी बाबांच्या नावाचं एक फोल्डर ठेवलंय.
उघडलं की साल दिसतं. आत काही नाही.

डबा नोंद ठेवतो,
कोणी ते नाही, काय आणि केव्हा एवढंच.
रविवारी मी नोंदी वाचतो, काट्यावरची खोड.
गेल्या शिगम्याच्या रात्री ते फोल्डर
चौदा वेळा उघडलं गेलं,
एकाच फोनवरून,
पावणेदहा ते साडेदहा.

त्या रात्री फोंड्याकडे निघालेली एक गाडी
टायर फुटून शेडसमोर उभी होती.
मी जेवत होतो.
खिडकीतून तिचे मागचे लाल दिवे दिसत होते.