खरं

आमच्या वडगावात 'पण' म्हणत नाहीत, 'खरं' म्हणतात.
सूत उधार मिळालं असतं, खरं शेठ गावाला गेलाय.
हे आधीच सांगून ठेवतो.

माझे माग चार.
गल्लीत सगळे मिळून दोनशेच्या वर.
सकाळी सहाला खटखट सुरू झाली की
आम्ही एकमेकांचे ओठ बघून बोलतो.
पाव्हणे विचारतात, तुमच्यात सगळे भांडतात काय हो?

भिंतीला भिंत लागून विरूपाक्ष हंचिनमनी.
उद्यमबागेत फाउंड्रीत तीस वर्षं पॅटर्न केले,
रिटायर झाल्यावर स्वतःसाठी एकच ओतकाम:
रेकॉर्ड ज्याच्यावर फिरते ते चाक,
नऊ किलोचं, बिडाचं,
फिरताना वर उभं केलेलं नाणं पडू नये असं.
रेकॉर्डी पार्सलनं येतात, भाकरीच्या तव्यागत जड.
एकीची किंमत ऐकून बायको म्हणाली,
एवढ्यात दहा साड्यांची मजुरी भागते.

एवढं सगळं केलं, खरं ऐकणार कधी?
गल्ली गप्प होते ती लाईट गेल्यावर.
आणि लाईट गेल्यावर चाक कशावर फिरणार?
उत्तर खाटेखाली होतं,
ट्रकच्या दोन बॅटऱ्या.

दुपारी अडीचला लाईट जायची.
दोनशे माग एकदम थांबत नाहीत,
दोन-चार धोटे सवयीनं अजून एक फेरी मारतात.
मग कान दुखतील एवढी शांतता.
मी दारात उभा, नुकसान मोजत.
खिडकीतून तो: बर्री, सुम्म कूड्री.

बाईचं नाव मला माहीत नव्हतं, रागाचं तर नाहीच.
सुई टेकली.
आधी गाणं नाही, आधी खोली आली.
सतरंजी अंथरलेली, खिडक्या लावून घेतलेली.
कुणीतरी गुडघा बदलला.
बाईनं श्वास घेतला
आणि मी बाजूला सरकलो,
तिच्या वाटेत बसलोय असं वाटून.

मग बांगडी लागली तंबोऱ्याच्या भोपळ्याला.
काचेची. सोन्याची नव्हे.
सिव्हिलच्या डॉक्टरनं सांगितलं होतं,
तुमचे वरचे आवाज गेले, मागांनी खाल्ले.
खरं बांगडी ऐकू आली.

घरी जाऊन पोराच्या मोबाईलवर तीच बाई लावली.
सूर होता, ताल होता, शब्द जागच्या जागी.
पॉलिस्टर.
सुरकुती नाही, गाठ नाही,
अंधारात बोटांना कळतं तसं कानाला कळलं.

तेव्हापासून अडीच वाजायची वाट बघायला लागलो.
मागवाल्यानं असलं बोलू नये.
संघाच्या मीटिंगमध्ये मी सगळ्यांबरोबर ओरडलो,
लोडशेडिंग बंद करा,
आणि माझाच आवाज मला पत्र्यासारखा लागला.

श्रावणात हेस्कॉमनं नवी लाईन ओढली.
आता लाईट जात नाही.
बँकेचा हप्ता वेळेवर जातो, पोरीला स्कूटी घेतली,
देवाची कृपा आहे, खरं

बॅटऱ्यांच्या टोकांवर पांढरी बुरशी चढलीय.
हंचिनमनी दारात खुर्ची टाकून बसतो.
रेकॉर्ड कव्हरातून काढतो, फडक्यानं पुसतो,
उजेडात तिरकी धरून चरी बघतो,
परत कव्हरात घालतो.

काल अडीचला मी माझे चार माग बंद केले.
दोनशेतले चार. काय होतंय त्यानं?
गल्ली तशीच खटखटत राहिली,
खरं भिंत थरथरायची थांबली.
पलीकडे खुर्ची सरकल्याचं ऐकलं,
खाट ओढल्याचं.

बायको आतून आली, हातात कांडी.
दोरा तुटला, मी म्हटलं.
तिनं चारी मागांकडे बघितलं,
भिंतीकडे बघितलं.

खरं, म्हणाली.

विचारलं होतं, की पुढं काही बोलायचं होतं,
कोण जाणे.
कांडी मांडीवर ठेवून ती खाली बसली
आणि थोडी बाजूला सरकली.