एझेल ब्रॅकिन्सच्या शेवटच्या तीन रेकॉर्डी

लोक पहिलीच मागतात,
एकसष्ट सालची, लाल लेबलची.
तिच्यावर ड्रम माझे आहेत, तेव्हा माझी तक्रार नाही.
पण एझेल तेव्हा चोवीसचा होता
आणि गिटार अशी वाजवायचा
की भाडं थकलंय
आणि घरमालक जिन्यात उभा आहे.

मला म्हणायचा, वर्डेल, तू मागे राहतोस.
गॅरीपासून टोलेडोपर्यंत, भर थंडीत, गाडीत,
तोंडात सँडविचचा घास असतानासुद्धा :
तू मागे राहतोस.
शेवटी मी राहिलोच.
पोलादाच्या कारखान्यात एकतीस वर्षं काढली,
उजवा कान भट्टीला देऊन आलो.

या तिन्ही त्याने सत्तरीत केल्या,
टायरच्या दुकानामागच्या खोलीत, शटर ओढल्यावर.
विकल्या गेल्या नाहीत.
त्याच्या अंत्यविधीनंतर ओनीटाने, त्याच्या मुलीने,
कागदी पिशवीतून आणून दिल्या.
वर्षभर फ्रिजवर पडून होत्या.

आता डावा कान लावून ऐकतो.
तो एक सूर काढतो, ताणतो,
अर्ध्या वाटेवर नेतो
आणि पुढचं सांगत नाही.
म्हातारा माणूस एखादं नाव विसरतो
आणि न लाजता तुमच्याकडे बघत बसतो, तसं.
बोटं जड झाली होती, ऐकू येतं.
जिथे पूर्वी अकरा सूर ओतायचा
तिथे दोन ठेवतो,
आणि दुसराही नाइलाजाने.

एका गाण्यात मध्येच हवेचा कॉम्प्रेसर सुरू होतो.
कोणी तो कापला नाही.
एझेल थबकतो,
त्या घरघरीला जोखतो,
तार किंचित चढवतो
आणि तिच्याच पट्टीत जाऊन बसतो,
बसस्टॉपवर अनोळखी माणसाशेजारी बसावं तसा.

ड्रमवर कुणी पोरगा आहे. चांगला आहे. वक्तशीर.
त्याचा ठोका पडतो,
एझेल नाही.
अजून नाही.
मग येतो, कोट काढत, सावकाश,
सगळे जेवायला बसल्यावर आल्यासारखा.

मी स्वयंपाकघरात एकटाच मोठ्याने हसलो.
शेजारीण मिसेस डॉसेट भिंत ठोकू लागली.
आता बोल, म्हटलं,
आता कोण मागे राहतंय?

सुई उचलून पुन्हा तिथेच ठेवली.
पोराचा ठोका.
मग एझेल.
हातात कॉफीचा चमचा होता,
तो टेबलावर पडला
त्याच्याही नंतर.