माया ठेवून

आधी तो म्हणाला, शेड.
मी म्हटलं, कुठे?
त्याने मानखुर्दची जागा दाखवली:
खाडीच्या अंगाची, भरणी टाकलेली,
अकरा महिन्यांच्या करारावरची,
मागे तिवरं, पुढे भंगारवाल्याचा काटा.
बसडेपोतून निवृत्तीचे पैसे आले होते
आणि विश्रामच्या हातांना
तो कागद अजून पोचला नव्हता.

रात्री जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर
त्याने सहा टिंबं काढली. सहा खांब.
भिंती नकोत म्हणाला.
भिंतीला पाया लागतो, पायाला पैसा,
खांबाला नुसता खड्डा.
तीन फूट जमिनीत, अकरा फूट वर,
पत्रा उतरता, खाडीकडे.
मी मशीनवरून मान वर न करता विचारलं,
माया किती ठेवलीस?
तो म्हणाला, पैसे संपत आलेत.

दारूखान्यात तुटलेल्या जहाजांचं लाकूड मिळतं.
तय्यबअलीने एकेक खांब ठोकून ऐकवला
कलिंगड निवडावं तसा.
सहावा जरा बद्द वाजला,
तो तीनशे कमी करून दिला.
खिळे हिरवे पडलेले, तांब्याचे.
एकावर चाकूने काहीतरी कोरलेलं
आम्हा कुणालाच न वाचता येणारं.
बुडांना डांबर, वरती जळकं ऑईल.
आठ दिवस घरात तोच वास,
शिवायला आलेल्या ब्लाऊजांनाही.
एकीने परत नेला.

मुहूर्तमेढ मात्र त्याने साग्रसंगीत केली.
हळद, कुंकू, आंब्याचा टाळा.
पेपरात मुहूर्तमेढ नेहमी
दुसरंच कुणीतरी रोवतं,
उद्योगाची, चळवळीची, कशाची तरी.
आमच्या खड्ड्यात दोन फुटांवर पाणी लागलं.
मुस्तकीम वेल्डरने बोट चाटून सांगितलं, खारं.
डबे भरभरून उपसलं, विटांचा चुरा ठोकला
आणि ती उभी राहिली,
पुढच्या अंगाला, बरोब्बर मधोमध.

मग लेव्हलची नळी.
एक टोक त्याच्याकडे, एक माझ्याकडे.
आलं का? तो ओरडायचा.
थांब, हलतंय अजून.
बावीस वर्षांत एकमत व्हायची
आम्ही इतकी धीराने वाट पाहिली नव्हती.

पाचव्या दिवशी मी माझा खडू नेला,
शिवणाचा, निळा,
आणि जमिनीवर टेम्पो बेतला.
लांबी, रुंदी.
मग दोन्ही दारं उघडी.
दारापाशी पान्हा घेऊन वाकलेला माणूस.
त्याच्या पाठीमागून चहा नेणारं पोर.
रेघ सरळ मुहूर्तमेढीतून गेली.

अंगाबरोबर कापलं तर
बाईला श्वास घेता येत नाही, मी म्हटलं.
आणि उद्या अंग भरलं
तर उसवायला काही नको का आत?
तो खांबावर हात ठेवून उभा.
हळद अजून तशीच.
मेढ उपटतं का कुणी?

मुस्तकीम म्हणाला, वरून लोखंडी चॅनेल टाकतो,
मधला खांब नसला तरी चालेल.
विश्राम काही बोलला नाही.
दुपारी डबा तसाच ठेवला.
संध्याकाळी स्वतःच पहार घेतली.
रोवायला चार तास लागले होते,
उपटायला वीस मिनिटं.
खड्ड्यात रात्रीतून खाडी आली.

आता ती मेढ मागे आडवी आहे,
दोन ड्रमांवर, वर शिकंजा ठोकून.
दिवसभर तिच्यावर तो कानस चालवतो.
कोरलेली बाजू वर ठेवलीय.
पहिलं गिऱ्हाईक पाववाल्याचा टेम्पो,
दोन्ही दारं सताड उघडी टाकून उभा,
पोर चहा घेऊन पलीकडे जातंय,
एक थेंब सांडत नाही.
तू म्हणालीस ते बरोबर होतं,
असं तो अजून म्हणालेला नाही.

एक कोपरा रिकामा आहे.
तिथे बॅटऱ्या ठेवू म्हणतो.
मी काल तिथे खडूने
माझं मशीन काढून आले,
चारी बाजूंनी माया ठेवून.